जाणाऱ्या वास्तूंचे दफ्तर

वॉशिंग्टन शहरी काँग्रेसचे ग्रंथालय म्हणून जी जगद्विख्यात संस्था आहे, तिच्या मॅडिसन इमारतीतील चित्रे व छायाचित्रे यांच्या विभागात राष्ट्रीय उद्यान सेवेकडून वर्षानुवर्षे एका विशिष्ट प्रकारच्या कागदांची आवक होत आली आहे. तीत ग्रंथ नसतात की थोरामोठ्यांचा पत्रव्यवहार नसतो. पातळ, टिकाऊ फिल्मवर शाईने रेखलेले इमारतींचे नकाशे, मोठ्या आकाराच्या कृष्णधवल निगेटिव्ह, त्यांच्या मुद्रित प्रती आणि प्रत्येक वास्तूची तपशीलवार हकीकत असा हा ऐवज असतो. आणि ज्या वास्तूंविषयी तो असतो त्यांतील कित्येक, कागद दफ्तरात दाखल होईतो, जमीनदोस्तही झालेल्या असतात. जतनाच्या हेतूने स्थापन झालेल्या सार्वजनिक दफ्तराची वाढ इतक्या मोठ्या अंशाने विनाशावर अवलंबून असावी, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. परंतु या दफ्तराच्या जन्मापासूनच ही विपरीतता त्याच्या कुंडलीत लिहिलेली आहे.

तो जन्म १९३३ सालच्या हिवाळ्यातला. महामंदीने अमेरिकेतील बांधकामे थंडावली होती, आणि ज्यांचा चरितार्थच नव्या इमारतींवर चालायचा ते वास्तुशिल्पी, त्यांच्या कचेऱ्यांतले आरेखक आणि इमारतींची छायाचित्रे काढणारे छायाचित्रकार रोजगाराविना घरी बसले होते. राष्ट्रीय उद्यान सेवेत चार्ल्स पीटरसन नावाचा सव्वीस वर्षांचा एक भूदृश्यशिल्पी नोकरीस होता. त्याने १३ नोव्हेंबर १९३३ रोजी आपल्या वरिष्ठांस एक टिपण सादर केले. त्याचा आशय थोडक्यात असा की, आग, ऊनपाऊस आणि जागेच्या वाढत्या भावापायी होणारी पाडापाडी यांमुळे देशातील जुन्या इमारती दिवसेंदिवस नाहीशा होत आहेत. त्या सर्व वाचवणे कोणाच्याही आवाक्यातले नाही. परंतु त्यांना जायचेच असेल तर निदान त्यांची नोंद तरी मागे राहावी, आणि या नोंदीचे काम आज रिकाम्या हाताने बसलेल्या हजारेक माणसांना काही आठवडे पुरेल. एकाच टिपणात बेकारी आणि विस्मरण या दोन्हींवर उपाय सुचवणारी योजना सरकारी मेजांवर सहसा फार काळ रेंगाळते. ही मात्र रेंगाळली नाही. डिसेंबर उजाडण्याच्या सुमारास मंजुरी मिळाली, बेकारांस काम देण्यासाठी काढलेल्या खात्यातून पैका मिळाला, आणि १९३४ च्या जानेवारीत टेप, ओळंबे आणि कागदांच्या पाट्या घेतलेल्या तुकड्या प्रांतोप्रांतीच्या जुन्या घरांत, चर्चांत आणि गिरण्यांत शिरल्या.

तात्पुरत्या निवारणासाठी काढलेली कामे तात्पुरती असतात, तसे हेही खाते वसंत ऋतूत बंद पडले. पण तोवर जमलेल्या कागदांचे मोल ध्यानी आले होते. त्याच वर्षी उद्यान सेवा, काँग्रेसचे ग्रंथालय आणि अमेरिकन वास्तुशिल्पींची संस्था या तिघांत करार झाला: काम पहिलीने चालवायचे, कागद दुसऱ्याने सांभाळायचे, सल्ला तिसरीने द्यायचा. ग्रंथालयाच्या ललितकला विभागाचे प्रमुख लेस्टर हॉलंड यांनी १९३० पासूनच प्राचीन अमेरिकन वास्तुकलेच्या छायाचित्रांचा संग्रह सुरू केला होता, त्यामुळे या कागदांना आयतेच घर मिळाले. ‘हिस्टॉरिक अमेरिकन बिल्डिंग्ज सर्व्हे’ असे या उपक्रमाचे नाव पडले, आणि त्याच्या आद्याक्षरांवरून त्या धंद्यातली माणसे त्याला नुसते ‘हॅब्ज’ म्हणू लागली. दुसऱ्या महायुद्धात काम थांबले, १९५७ च्या सुमारास पुन्हा सुरू झाले. १९६९ मध्ये पूल, कारखाने, धरणे अशा अभियांत्रिकी कृतींसाठी आणि २००० मध्ये बागा, उद्याने, शेतवाड्या अशा भूदृश्यांसाठी त्याला दोन धाकटी भावंडे मिळाली. आज या तिन्ही शाखांत मिळून चाळीस हजारांहून अधिक स्थळांची नोंद असून नकाशे, छायाचित्रे आणि लिखित पृष्ठे पाच लाखांच्या वर गेली आहेत.

वास्तूच्या कागदांविषयी बोलताना एक भेद आरंभीच स्पष्ट केलेला बरा. एखादी इमारत उभी राहण्यापूर्वी वास्तुशिल्पीच्या कचेरीत जे आराखडे निघतात, ते संकल्पाचे कागद होत. चार्ल्स कोरिया यांनी २०१३ साली आपली हजारो रेखाचित्रे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स या संस्थेच्या स्वाधीन केली, ती या जातीची. मुंबईच्या पेडर रोडवरील कांचनजंगा किंवा दादरचे पोर्तुगीज चर्च यांच्याविषयी त्या वास्तुशिल्पीच्या मनात काय काय येऊन गेले, काय खोडले गेले, हे पाहायचे तर अशाच कागदांकडे जावे लागते. हॅब्जच्या दफ्तरातले कागद याच्या नेमके उलट टोकाचे आहेत. ते इमारत बांधून, वापरून, दुरुस्त होऊन, कित्येकदा विटून गेल्यानंतर निघतात. कोणी काय योजले होते यापेक्षा प्रत्यक्षात काय उभे आहे, याची ती मोजणी असते. ज्या असंख्य घरांना कधी वास्तुशिल्पी लाभलाच नाही, गवंड्याने आणि सुताराने मालकाशी बोलत बोलत जी उभी केली, त्यांचा संकल्प कागदावर उतरलेला नसतोच. त्यांच्यासाठी ही मागाहूनची मोजणी हाच एकमेव लेख.

ही मोजणी होते कशी, हे जरा जवळून पाहण्याजोगे आहे. इमारत म्हणजे काटकोनांची रास, अशी आपली समजूत नकाशे पाहून झालेली असते. जुनी इमारत प्रत्यक्ष मोजू लागले की ती पहिल्याच खोलीत मोडते. म्हणून मोजणी करणारी जोडी खोलीच्या चार भिंती मोजून थांबत नाही. ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजते. दोन कर्णांच्या लांबीत चार बोटांचा फरक पडला, तर खोली काटकोनी नाही हे सिद्ध झाले, आणि कोणता कोपरा किती सरकला आहे याचा हिशेबही त्याच दोन आकड्यांतून लागतो. भिंतीच्या लांबीवर दारे-खिडक्या येत असतील तर दार किती, मधली भिंत किती, खिडकी किती असे सुटे तुकडे मोजायचे नाहीत, कारण प्रत्येक तुकड्यातली सुतभर चूक पुढच्या तुकड्यात मिसळत जाते आणि शेवटी बेरीज जुळत नाही. टेपचे टोक एका कोपऱ्यात रोवून तेथपासूनच प्रत्येक कडेचे अंतर वाचत जायचे, हा दंडक. उंचीसाठी सगळ्या इमारतीभोवती पाण्याच्या नळीने साधलेली एक समपातळीची रेषा खडूने मारतात, आणि जोते, उंबरा, खिडकीचा पाट, छताची तुळई या सर्वांची उंची त्या एका रेषेपासून वर-खाली मोजतात. जमीन उताराची असो, फरशी खचलेली असो, ती रेषा मात्र पाण्याने ठरवलेली असल्यामुळे तिच्याविषयी वाद राहत नाही. भिंत झुकली आहे का, हे ओळंबा सोडल्यावर कळते. दाराच्या चौकटीवर रंध्याने काढलेली गोलाव्याची नक्षी असेल, तर तिच्यावर बारीक सरकत्या काड्यांची एक फणी दाबतात. काड्या नक्षीच्या आकाराप्रमाणे आतबाहेर सरकतात आणि तो आकार जसाच्या तसा कागदावर गिरवता येतो. हा खटाटोप सौंदर्याच्या हौसेपायी केलेला नसतो. तो गोलावा कोणत्या रंध्याचा, यावरून चौकट कोणत्या पिढीत बसवली, आणि बाजूची चौकट मागाहून घातली की मूळची, याचा पुष्कळदा उलगडा होतो.

या सर्व मापांची टिपणे जागेवरच, हातानेच काढलेल्या कच्च्या आकृतींवर, चौकटीच्या वह्यांत होतात. पक्का नकाशा नंतर बसून निघतो: तळनकाशा आणि दर्शनी बाजू बहुधा पाव इंचाला एक फूट या प्रमाणात, चौकटी-जिने यांसारखे तपशील त्याहून मोठे. पण या दफ्तराची मला सर्वांत लोभस वाटणारी रीत अशी की, पक्का नकाशा झाला म्हणून कच्च्या वह्या टाकून देत नाहीत; त्याही, मोजणाऱ्यांची नावे आणि तारखा यांच्यासह, नकाशाबरोबर ग्रंथालयात जातात. पक्क्या नकाशातील एखादे माप उद्या कोणास शंकास्पद वाटले, तर ते कोणी, कोणत्या दिवशी, कोठे टेप लावून घेतले, हे शोधता आले पाहिजे, हा त्यामागील हेतू. जो भाग मोजता आला नाही, कुलूपबंद होता किंवा धोक्याचा होता, तो नकाशावर तसा नमूद करायचा. अंदाजाने रेषा पुरी करून पान सुबक करायचे नाही. आपल्याकडचा हवालदार पंचनाम्यात जसे दिसले तेवढेच लिहितो, निदान लिहावे अशी अपेक्षा असते, त्याच इमानाची ही मागणी आहे.

अंतर्गत व्यवहार खात्याने १९८३ साली या सर्व शिस्तीला चार कसोट्यांचे रूप दिले. नोंद त्या वास्तूचे महत्त्व उघड करणारी असावी. अचूक आणि पडताळून पाहता येईल अशी असावी. टिकाऊ व प्रती काढण्याजोग्या द्रव्यावर असावी. आणि स्पष्ट, आटोपशीर असावी. यांपैकी तिसरी कसोटी वरवर सगळ्यात रुक्ष दिसते, पण तिच्यातच या दफ्तराची काळाविषयीची समज दडलेली आहे. कागद पाचशे वर्षे टिकला पाहिजे, ही तिथली अपेक्षा. रंगीत छायाचित्रातले रंग काही दशकांत उडतात, चांदीच्या क्षारांवर उमटलेली कृष्णधवल प्रतिमा नीट धुतली तर शतके टिकते. म्हणून सारे जग रंगीत आणि पुढे डिजिटल झाल्यावरही या खात्याने कित्येक दशके मोठ्या आकाराच्या कृष्णधवल फिल्मचा आग्रह सोडला नाही. जॅक बाउचर नावाचा छायाचित्रकार १९५८ पासून सुमारे अर्धशतक तिपाईवरचा अवजड कॅमेरा घेऊन देशभर हिंडला तो याच आग्रहापायी. अशा कॅमेऱ्याची काच आणि भिंग वेगवेगळे सरकवता येतात, त्यामुळे उंच इमारतीच्या उभ्या रेषा वर जाता जाता एकमेकींकडे झुकत नाहीत. छायाचित्रावरून माप काढायचे असेल तर हे फार मोलाचे. आज लेसर किरणांच्या यंत्राने एखाद्या सभागृहाचे कोट्यवधी बिंदू एका दिवसात टिपता येतात, आणि ते या कामात सर्रास टिपलेही जातात. परंतु संगणकाची भाषा दर काही वर्षांनी बदलते, हे ओळखून त्या बिंदूंवरून शेवटी रेषांचा नकाशा काढून तो टिकाऊ फिल्मवर उतरवण्याची रीत चालू राहिली. यंत्र सर्व काही टिपते, पण काय महत्त्वाचे ते ठरवत नाही. रेषा ओढणाऱ्याला मात्र ठरवावेच लागते.

आता आवकीकडे वळू. नवे कागद येतात ते मुख्यतः तीन वाटांनी. पहिली वाट कायद्याची. १९६६ च्या राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायद्याच्या १०६ व्या कलमान्वये, केंद्र सरकारच्या पैशाने किंवा परवान्याने होणाऱ्या कामाचा परिणाम एखाद्या ऐतिहासिक वास्तूवर होणार असेल, तर संबंधित खात्याने त्याचा आगाऊ विचार करणे भाग आहे. या विचारविनिमयात वास्तू वाचतेच असे नाही. पुष्कळदा तडजोड अशी निघते की, वास्तू पाडावी, पण पाडण्यापूर्वी तिची रीतसर नोंद करून ती दफ्तरी दाखल करावी. ग्रामीण रस्त्यांवरचे लोखंडी कैच्यांचे जुने पूल या मार्गाने मोठ्या संख्येने दफ्तरात आले आहेत, कारण आजच्या मालमोटारींचे वजन त्यांना पेलत नाही आणि रस्तेखात्याला त्या जागी रुंद काँक्रीटचा पूल हवा असतो.

या तडजोडीविषयी मन द्विधा होते. पाडणाऱ्याला कागद म्हणजे पापक्षालनाचे तीर्थ वाटू लागते. नोंद केली, आता कुदळ चालवायला हरकत नाही, अशी एक सोयीची नीती खात्याखात्यांत रुजते. जतनाच्या चळवळीतले लोक याविषयी कडवटपणे बोलतात, आणि त्यांचा कडवटपणा अस्थानी नाही. तरीही जे व्हायचेच होते ते नोंदीविना झाले असते तर काय उरले असते, हा प्रश्न त्यांनाही टाळता येत नाही. न्यूयॉर्कचे पेनसिल्व्हेनिया स्टेशन हे याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण. मॅकिम, मीड अँड व्हाइट या वास्तुशिल्पींनी रोमच्या कॅराकॅला स्नानगृहांच्या धर्तीवर बांधलेले, १९१० साली खुले झालेले ते स्थानक. प्रवाशांचा प्रचंड, दगडी कमानींचा दालनविस्तार आणि त्यापलीकडे पोलाद-काचेच्या छताखालचा प्रकाशाने भरलेला मंडप. रेल्वे कंपनीची स्थिती खालावली तशी तिने वरच्या जागेचा हक्क विकला आणि १९६३ च्या ऑक्टोबरात पाडापाडी सुरू झाली. त्याआधी, १९६२ मध्ये, सर्व्हिन रॉबिन्सन या छायाचित्रकाराने हॅब्जसाठी त्या स्थानकाची छायाचित्रे काढली होती. त्यांपैकी मंडपाचे छायाचित्र आज जगभर स्थानकाचे चित्र म्हणून छापले जाते. त्यात कोठेही शोक नाही. लोखंडी खांबांच्या जाळीतून येणारा उजेड, जिन्यांकडे जाणारी तुरळक माणसे, गाड्यांच्या वेळा दाखवणाऱ्या पाट्या. पाडणे अटळ आहे हे माहीत असलेल्या माणसाने नजर न ढळू देता काढलेले ते चित्र आहे. त्या पाडापाडीच्या संतापातूनच १९६५ साली न्यूयॉर्क नगरीने वारसावास्तूंसाठी स्वतंत्र आयोग नेमला.

दुसरी वाट उद्यान सेवेने स्वतः केलेल्या कामांची, आणि तीत विद्यार्थ्यांचा वाटा पहिल्यापासून मोठा. पीटरसनने १९५० च्या दशकाच्या आरंभी फिलाडेल्फियात उन्हाळ्याच्या सुटीत वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांच्या तुकड्या मोजणीस लावल्या, तेव्हापासून उन्हाळी तुकड्यांची प्रथा पडली. १९६९ मध्ये अभियांत्रिकी शाखेची सुरुवात झाली तीही मोहॉक आणि हडसन या नद्यांच्या संगमाभोवतीच्या उद्योगांच्या अशाच एका उन्हाळी पाहणीने. या शाखेच्या नकाशांची जात थोडी निराळी. भट्टीचा तळनकाशा काढून तिचे मर्म कळत नाही. कच्चे लोखंड कोठून शिरते, हवा कोठून फुंकली जाते, रस कोठून वाहतो, हे दाखवावे लागते. अलाबामातील बर्मिंगहॅम येथील स्लॉस भट्ट्यांची नोंद १९७६ मध्ये झाली. त्या भट्ट्या मात्र दैवाने तगल्या आणि आज संग्रहालय म्हणून उभ्या आहेत. याच शाखेच्या दफ्तरात अवकाशात जाऊन आलेल्या स्पेस शटल यानांचेही बाड आहे. उड्डाणे २०११ मध्ये संपली, त्या सुमारास ‘डिस्कव्हरी’ या यानाची नोंद झाली. आणि शंभर वर्षांपूर्वीच्या पाणचक्कीला जो आकडा देण्याची पद्धत, त्याच पद्धतीचा आकडा, राज्याच्या नावासह, या यानालाही मिळाला. दफ्तराचा हा समभाव मला फार आवडतो.

तिसरी वाट दानाची. पीटरसनच्या नावाने १९८३ पासून विद्यार्थ्यांच्या मोजणी-नकाशांना पारितोषिक दिले जाते. अट एवढीच की वास्तू दफ्तरात आधी आलेली नसावी, किंवा आली असल्यास नव्या नोंदीने काही भरीव भर पडावी. त्यापायी नकाशांची हजारो पत्रे दफ्तरास फुकट लाभली आहेत, आणि त्यांत एखाद्या आडगावच्या धान्यकोठारापासून जुन्या पेट्रोलपंपापर्यंत अशा गोष्टी आहेत, ज्यांच्यासाठी सरकारने कधी स्वतंत्र तुकडी धाडली नसती. हॉलंडच्या नावाचे पारितोषिक एकाच पत्राला मिळते: एका कागदावर एका वास्तूचे सार मांडून दाखवायचे. हे दिसते त्याहून कितीतरी कठीण आहे, कारण तेथे काय गाळायचे हाच खरा प्रश्न असतो. भूदृश्यांच्या शाखेने २०१० पासून सामान्य जाणकारांनाही दरवर्षी नवा विषय देऊन छोट्या हकीकती पाठवण्याचे आवाहन केले आहे. पहिल्या वर्षीचा विषय बालपणाशी निगडित स्थळे हा होता.

कोणते दफ्तर काय ठेवते, यापेक्षा काय ठेवत नाही यावरून त्याच्या मालकांचे मन अधिक कळते. आरंभीच्या काळात हॅब्जचे लक्ष १८६० पूर्वीच्या इमारतींवर खिळलेले होते: वसाहतकाळातील चर्चे, श्रीमंतांची खांबांच्या ओसरीची घरे. तरीही त्या बेकार आरेखकांच्या निवडीला एक सुदैवी बेहिशेबीपणा होता. न्यू मेक्सिकोतील अकोमा हे मूळनिवासींचे गाव, सभोवारच्या मैदानाहून साडेतीनशे फुटांवर उंच उठलेल्या खडकाच्या माथ्यावर वसलेले. १९३४ साली त्याची घरे, त्यांच्या पायऱ्या-पायऱ्यांनी मागे सरणाऱ्या मजल्यांसह, शिड्यांसह, रांगेने मोजली गेली. त्या नकाशांना इतका अर्थ होता की, अर्धशतकानंतर, १९८६ मध्ये, पीटर नाबोकोव्ह यांनी त्या एका मोजणीवरच पुस्तक लिहिले.

दक्षिणेतील मळेवाल्यांच्या हवेल्या मोजताना पाठीमागची गुलामांची खोपटी, स्वयंपाकघरे, धुरवण्याची कोठारेही अनेकदा टिपली गेली. मोजणाऱ्यांच्या लेखी ती हवेलीची जोडपत्रे होती. पुढे जॉन मायकेल व्लाक या अभ्यासकाने त्याच जोडपत्रांना मुख्य विषय करून ‘बॅक ऑफ द बिग हाउस’ हा ग्रंथ १९९३ मध्ये सिद्ध केला. त्यावर आधारलेले प्रदर्शन १९९५ च्या डिसेंबरात खुद्द काँग्रेसच्या ग्रंथालयात मांडले गेले, तेव्हा तेथील कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना, रोजच्या कामाच्या वाटेवर अचानक समोर आलेली ती चित्रे सहन झाली नाहीत, आणि काही तासांतच ते उतरवावे लागले. नंतर ते त्याच शहरातील मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाच्या सार्वजनिक वाचनालयात लागले आणि लोकांनी पाहिले. दफ्तरात साठ वर्षे निमूट पडलेला कागद बाहेर आल्यावर काय करील, हे दफ्तरदाराला सांगता येत नाही.

मराठी वाचकाला यावर आपले शनिवारवाड्याचे शल्य आठवल्यावाचून राहणार नाही. १७३२ साली वास्तुशांत झालेला तो वाडा १८२८ च्या फेब्रुवारीतील आगीत आतून भस्मसात झाला, आणि आज तट, बुरूज, दिल्ली दरवाजा, जोती आणि कारंज्यांचे हौद एवढेच उरले. आतले महाल कसे होते याविषयी दफ्तरातील खर्चाच्या नोंदी आहेत, बखरी-वर्णने आहेत, जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने १८०५ साली रंगवलेले पेशव्यांच्या दरबाराचे चित्र आहे. खर्च किती आणि कोणास दिला हे पै-पैचे सांगणारे राज्य, पण खांबापासून खांबापर्यंतचे अंतर सांगणारा कागद मात्र त्यांतून हाती येत नाही. वाड्यांचे शहर म्हणून पुणे ओळखले जाई. त्यांतले कितीतरी चौसोपी वाडे गेल्या दोन पिढ्यांत पुनर्विकासात गेले, आणि जाताना कडीपाटाचे लाकूड तेवढे जुन्या बाजारात विकले गेले. मोजणीची विद्या आपल्याकडे नाही असे मात्र मुळीच नाही. आपल्या वास्तुकला महाविद्यालयांत ‘मेजर्ड ड्रॉइंग’ हा अभ्यासाचा भाग आहे. विद्यार्थी कोकणातली देवळे, घाटावरचे वाडे टेप लावून मोजतात, आणि देशभरच्या वास्तुकला-विद्यार्थ्यांच्या संघटनेची लुई कान यांच्या नावाची ढाल अशाच नोंदीसाठी दिली जाते. ते नकाशे गुणांकनानंतर कोठे जातात, हा प्रश्न आपल्या महाविद्यालयांनी एकमेकांस विचारण्याजोगा आहे. पीटरसनच्या नावाच्या पारितोषिकाची खरी करामत त्या रकमेत नाही; विद्यार्थ्याचे पत्र सरळ राष्ट्राच्या ग्रंथालयात जाते, तेथे त्याच्यावर त्याचे नाव राहते, आणि पन्नास वर्षांनी ते मागणाऱ्याला मिळते, या व्यवस्थेत आहे.

मागणारा कोणीही असला तरी चालतो. या कागदांवर कोणाचा स्वामित्वहक्क राहत नाही. छायाचित्रकारही आपला हक्क सोडूनच काम दाखल करतो. घर दुरुस्त करणारा सुतार, कादंबरीसाठी १९३४ सालचा जिना हवा असलेली लेखिका, आजोबांच्या गावच्या पुलाचे चित्र हवे असलेला नातू, सर्वांना प्रत सारखीच मिळते, आणि गेल्या सुमारे पाव शतकात तर बहुतेक सर्व ऐवज संगणकावरून घरबसल्या पाहता, उतरवून घेता येतो. वादळाने छप्पर नेलेल्या किंवा आगीत जळालेल्या घराचा मालक जुनी चौकट पुन्हा घडवताना याच नकाशांवरून माप घेतो.

आणि एकदा दाखल झालेले बाड बंद होत नाही. नव्या आवकीतला एक भाग पूर्वीच नोंदलेल्या वास्तूंचा असतो. १९३४ च्या तुकडीला वेळ नव्हता म्हणून केवळ दर्शनी बाजू मोजली गेली, किंवा दोन छायाचित्रे आणि चार ओळींची हकीकत एवढ्यावरच काम आटोपले, अशी बाडे शेकड्यांनी आहेत. पन्नास-साठ वर्षांनी नवी तुकडी त्याच घरी जाते, मागची बाजू, तळघर, छताखालची कैची मोजते, जमिनीच्या दस्तांवरून मालकांची साखळी लावते, आणि कित्येकदा असे आढळते की पहिल्या हकीकतीत दिलेले बांधकामाचे साल वीस-तीस वर्षांनी चुकलेले आहे. तरी जुने पान काढून टाकत नाहीत की त्यावर खाडाखोड करत नाहीत. नवे कागद ‘पुरवणी’ असा शेरा मारून, त्याच क्रमांकाखाली, जुन्या पानांच्या पाठीमागे लावले जातात. चुकीचे साल लिहिणाऱ्या त्या बेकार आरेखकाचे नाव पहिल्या पत्राच्या कडेला होते तेथेच राहते.